नेहमीप्रमाणे जोडगाठ घाला

बेबीच्या बोरन्हाणाला काळ्या फ्रॉकवर पांढऱ्या टॅटिंगची कॉलर मी स्वतः करून लावणार आहे, असं सुमनने जाहीर केलं तेव्हा तिला टॅटिंग येत नव्हतं. त्या क्षणी हा मुद्दा तिला किरकोळ वाटला. समोर वन्सं बसल्या होत्या, आणि वन्सं समोर बसल्या की सुमनच्या तोंडून अशी वाक्यं आपोआप निघत.

वन्सं म्हणजे सुमनच्या नवऱ्याची, सोपानरावांची, थोरली बहीण. राहणार सदाशिव पेठ. महिन्यातून एकदा त्या दुपारच्या गाडीने पिंपरीला यायच्या, कंपनीच्या वसाहतीतल्या नव्याकोऱ्या क्वार्टरच्या भिंतीवरून बोट फिरवून चुना बोटाला लागतो का ते पाहायच्या, आणि मग पिशवीतून काहीतरी विणलेलं बाहेर काढायच्या. बेबीच्या पायातले मोजे त्यांचे, टोपडं त्यांचं, पाळण्याची झालर त्यांची, दुपट्याची किनारसुद्धा त्यांचीच. नऊ महिन्यांची बेबी आपादमस्तक वन्संनी विणलेली होती. आईच्या हातचं तिच्या अंगावर काय, तर तीट.

त्या दिवशीही वन्सं म्हणाल्या, "कॉलरचं मी बघते गं. तू कशाला धडपडतेस? तुझं आपलं वाचन चालू दे."

'वाचन' हा शब्द त्या अशा काही उच्चारायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, भावजय तपकीर ओढते. सुमन बी.ए. होती. तर्कशास्त्रात तिला पहिल्या वर्गाचे गुण होते. बेबी झाल्यापासून तिने जे काही वाचलं होतं ते बालसंगोपनावरचं, आणि ते वाचून तिच्या काळज्यांत पद्धतशीर वाढ झाली होती. बेबी रडली तर का रडली याची ती काळजी करायची, आणि बेबी शांत झोपली तर इतकी शांत का झोपली हे पाहायला तिला हलवून जागं करायची. अशा बाईने 'आईच्या हातचं' या दोन शब्दांचा घोर लावून घेतला तर नवल नाही.

"नको वन्सं," ती म्हणाली. "कॉलर मीच करणार आहे. टॅटिंगची."

वन्संनी चहाचा कप खाली ठेवला. "टॅटिंग? बरं बरं. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी येते मी. बघू."

त्या 'बघू'ला सहा आठवडे होते.

टॅटिंग हा शब्द सुमनच्या तोंडी आला तो मासिकामुळे. दर महिन्याला येणाऱ्या बायकांच्या मासिकात, लोणच्याच्या आणि बाळंतकाढ्याच्या मधोमध, 'सोपी व सुबक टॅटिंगची कॉलर' असा एक लेख होता. लेखिका : सौ. कलाप्रिया. शेजारी तयार कॉलरचं चित्र होतं. ते इतकं पुसट छापलं होतं की तिरकं धरलं तर ते जाळीचं वाटे आणि सरळ धरलं तर बुरशीचं. कृती मात्र अवघी बारा ओळींची होती, आणि बारा ओळींना बी.ए. झालेल्या बाईने भिण्याचं कारण नव्हतं.

टॅटिंगचं तत्त्व असं. होडीच्या आकाराची, बोटाएवढी एक शटल असते. तिच्यावर दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताच्या बोटांभोवती त्याच दोऱ्याचा फास घ्यायचा, शटल आतबाहेर करत त्या फासावर गाठी मारत जायच्या, आणि पुरेशा झाल्या की दोरा ओढायचा. फास मिटतो आणि गाठींची गोल, कळीदार कडी होते. अशा कड्या एकमेकींना जोडत गेलं की जाळी. इतकं सोपं.

आता शटल. चिंचवडला हनीफभाईंच्या दुकानात सुया, बटणं, रिळं, लोकर, नाड्या सगळं मिळायचं. हनीफभाईंनी पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे काढून दिले, पण शटल म्हटल्यावर ते विचारात पडले.

"ताई, धोटा लागत असंल तर कोष्ट्याकडं मिळंल. पण हा असला बोटाएवढा? ह्याच्यावर काय विणणार, मुंगीचं लुगडं?"

शटल पुण्याला नक्की मिळाली असती. पण लक्ष्मी रस्त्यावर पाऊल टाकलं आणि वन्सं भेटल्या नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. आणि ज्या बाईने टॅटिंग येत असल्यासारखं तोंड केलेलं आहे, तिने शटल विकत घेताना सापडणं बरं दिसलं नसतं. तेव्हा ती कामगिरी सोपानरावांवर आली. सोपानराव कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. सरळ माणूस. त्यांनी वर्कशॉपमधल्या दत्तोबाला मासिकातलं चित्र दाखवलं, आणि दत्तोबाने जेवणाच्या सुट्टीत मोडक्या स्विचच्या काळ्या बॅकेलाइटची एक इतकी देखणी शटल घासून दिली की ती पाहून सुमनला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

पण शटल घरी यायला चार दिवस लागले, कारण मध्ये कंपनीचं गेट होतं. सोपानराव स्वतः स्टोअरचे, त्यामुळे पास नसताना टाचणीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा त्यांचा धर्म. त्यांनी रीतसर गेटपास लिहायला घेतला. 'वस्तूचे नाव' या रकान्यात त्यांनी 'शटल, नग एक' लिहिलं. 'उपयोग' या रकान्याशी ते अडले. बराच विचार करून त्यांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं. पास सहीला वर गेला. साहेबांनी बोलावून विचारलं, कौटुंबिक म्हणजे काय? सोपानरावांनी सांगितलं. साहेबांनी सही केली, पण 'परतीच्या बोलीवर' या खान्यात खूण करून. गेटवरच्या पहारेकऱ्याने दोन्ही टोकं बोटाने चाचपून, "ह्ये हत्यारात तर मोडत न्हाई ना, राव?" अशी खात्री करून घेतली. संध्याकाळपर्यंत तिन्ही शिफ्टना ठाऊक झालं की स्टोअरचे सोपानराव बेबीची कॉलर विणताहेत.

"मी नाही, आमच्या घरी," असा खुलासा ते पुढे महिनाभर करत होते.

शटल फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी कंपनीला परत करायची होती. बोरन्हाण त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे आता मागे फिरायची सोय सरकारी कागदानेच बंद केली.

सुमनने बेबीला सतरंजीवर बसवलं, भोवती उशांचा तट घातला, मासिक उघडलं आणि पहिली ओळ वाचली.

'शटलचा दोरा डाव्या हातावर घेऊन नेहमीप्रमाणे जोडगाठ घाला.'

तिने ओळ पुन्हा वाचली. मग पुढची वाचली. 'अशा पाच जोडगाठी झाल्यावर नेहमीप्रमाणे मध्ये दोऱ्याचा लहानसा कान सोडून पुढील पाच घाला.' आणि त्यापुढची. 'कडी पूर्ण होताच दोरा ओढून मिटवा. काम उलटवून दुसरी कडी नेहमीप्रमाणे.'

बारा ओळींत 'नेहमीप्रमाणे' सात वेळा होतं. तर्कशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे झोंबलं. ज्या बाईला हे नेहमी येतं तिला मासिक कशाला हवं? आणि जिला मासिक हवं तिचं 'नेहमी' आणायचं कुठून? हा प्रश्न तिने बेबीला विचारला. बेबीने उशीचा अभ्रा चोखला.

तरी ती बसली. दोरा बोटांवर घेतला, शटल वरून घातली, खालून काढली, गाठ बसली. पाच गाठी, एक कान, पाच गाठी, एक कान. तासाभरात वीस गाठी झाल्या, आणि दिसायला त्या खरोखर चित्रातल्यासारख्या होत्या. तिने दोरा ओढला.

कडी मिटली नाही.

तिने जोरात ओढला. दोरा तुटला.

दुसरी कडी मिटली नाही. तिसरी मिटली नाही. चौथीला तिने दोऱ्याला मेण लावलं, ती मिटली नाहीच, वर बोटांना चिकटली. आठवड्याच्या शेवटी एका पुठ्ठ्याच्या डब्यात अशा न मिटलेल्या एकतीस फासांची गुंतवळ जमली होती, आणि सुमनच्या डाव्या करंगळीवर दोऱ्याचा लाल वळ उठला होता. तो ती पदराखाली ठेवायची.

सोपानराव मदतीला धावले. त्यांनी आलेखाच्या कागदावर गाठीचं चित्र काढलं, वरून, समोरून आणि छेद घेऊन. दोऱ्याला क आणि ख अशी नावं दिली. "हे बघ," ते म्हणाले, "ख जर क भोवती अडकला तर क सरकणार कसा? तत्त्वतः ही कडी मिटणंच शक्य नाही."

"पण चित्रात मिटलेली आहे."

सोपानरावांनी मासिक तिरकं धरलं, सरळ धरलं. "चित्राचा भरवसा नाही," असा निर्णय देऊन ते आंघोळीला गेले.

मग शेजारच्या शालनबाई. दोन क्वार्टरच्या मध्ये एक सामाईक भिंत होती आणि तिच्यातून फोडणीचा वास आणि सल्ला दोन्ही मोकळे येत. शालनबाई मॅट्रिक. त्यांचा हात कशावरही बसायचा. रांगोळी, पापड, मण्यांचं तोरण, काही म्हणा. सुमनने मोठ्या आशेने मासिक त्यांच्यापुढे धरलं. शालनबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. इतका वेळ, की सुमनने दोनदा विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. छापलंय ना? मग बरोबरच असणार," शालनबाई म्हणाल्या.

"पण कडी मिटत नाही हो."

"तुमचा हात जड असेल. होतं सवयीनं. नेहमीप्रमाणे करायचं म्हणतात ना."

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या आणि म्हणाल्या, काळ्यावर जाळी काही खुलत नाही, सुमनताई, साधी पांढरी फीत लावा. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, लहान पोर दोरे तोंडात घालतं, नकोच ते. चौथ्या दिवशी म्हणाल्या, मी क्रोशाची करून देते, कुणाला कळतंय? सुमनला या मायेने भरून आलं. पण क्रोशाची कॉलर शालनबाईंच्या हातची झाली असती. मोजे वन्संचे, कॉलर शेजारणीची, मग तीट आहेच.

सकाळी रहाटणीहून दूध घेऊन येणाऱ्या गवराबाईंनी दारातूनच तो पुठ्ठ्याचा डबा पाहिला. "ताई, ह्ये काय चिमणीचं घरटं काडलंया का काय?"

"टॅटिंग आहे ते, गवराबाई."

"व्हय का," गवराबाई म्हणाल्या, आणि दूध मापून गेल्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुमनने अखेर पेन उचललं. कॉलेजात निबंधाला तिचं नाव होतं. मासिकाच्या संपादकांना तिने चार पानी पत्र लिहिलं. पहिल्या पानावर मराठी मासिकांचं समाजातलं स्थान. दुसऱ्यावर शास्त्रीय लेखनात व्याख्येचं महत्त्व. तिसऱ्या पानावर 'नेहमीप्रमाणे' या शब्दाची सातही स्थळं ओळ क्रमांकासह. चौथ्या पानावर तिची लेखणी खरी पेटली. 'सदर लेखिकेने ही कॉलर आयुष्यात एकदा तरी स्वतः करून पाहिली आहे काय? की आपल्या अज्ञानावर सात ठिकाणी तेच एक ठिगळ लावून त्यांनी शेकडो भगिनींचा दोरा, वेळ व आत्मविश्वास वाया घालविला आहे?' शेवटी सही, पत्ता आणि उत्तरासाठी कार्ड. पत्र पेटीत टाकून आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की त्या दुपारी तिने बेबीला झोपेतून एकदाही उठवलं नाही.

आठ दिवसांनी पोस्टमन ज्योतीराम आला. "सुमनताई, कार्ड. आणि शालनबाईंना पाकीट हाय, जाड हाय चांगलं. दोन्ही एकाच मासिकाकडनं. काय बक्षीसबिक्षीस लागलं का तुमच्या वसाहतीला?"

कार्डावर दोन ओळी होत्या. 'आपले पत्र मिळाले. ते खुलाशासाठी लेखिकेकडे पाठविले आहे.'

सुमनने कार्ड वाचलं आणि रागाने ठेवून दिलं. शालनबाईंना त्याच मासिकाचं पाकीट का यावं, हा प्रश्न तर्कशास्त्रात पहिला वर्ग मिळालेल्या बाईला त्या दिवशी पडला नाही. बेबीला सर्दी होती. त्यात सगळं तर्कशास्त्र खर्ची पडत होतं.

तिच्या लक्षात आलं ते इतकंच की भिंतीपलीकडून सकाळपासून फोडणीचा आवाज नाही. दुपारीही नाही. चार वाजता शालनबाई दारात आल्या. डोळे लाल. हातात चार पानं होती, आणि त्यांवरचं अक्षर सुमनने लांबूनच ओळखलं. स्वतःचं अक्षर कोण ओळखणार नाही?

"तुमचंच आहे ना हे?" शालनबाई म्हणाल्या.

चौथं पान सगळ्यात वर होतं.

"म्हणजे कलाप्रिया..."

"मीच." शालनबाई उंबऱ्यातच बसल्या. "ठिगळ म्हणालात ना? खरं आहे ते. हनीफभाईंनी मागे दोऱ्याच्या पेटीबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं मला. त्यावरून उतरवलं. जेवढं कळलं तेवढं मराठीत लिहिलं. जिथं लांबलचक परिच्छेद आला आणि कळेना, तिथं..."

"नेहमीप्रमाणे," सुमन म्हणाली.

"सगळ्या कृतींत असतं ना तसं. मला वाटलं, वाचणाऱ्यांना येत असेल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "छापून येईल असं वाटलंच नव्हतं हो. अंक आला तेव्हा यांनी चाळीस लोकांना दाखवला. तुम्ही पान पुढे केलंत तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही इतक्या शिकलेल्या. आणि मग रोज तुमची करंगळी बघत होते मी."

सुमनने करंगळी पदराखाली नेली, आणि आता ते करण्यात काही अर्थ नाही म्हणून पुन्हा बाहेर काढली. पत्र लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे कलाप्रिया म्हणून चष्मा लावलेली, जाड, पुणेरी अशी कुणी बाई होती. ती थोडीशी वन्संसारखी दिसायची. ही समोर उंबऱ्यात बसलेली बाई बेबीच्या सर्दीला आदल्याच दिवशी ओव्याची पुरचुंडी देऊन गेली होती.

"आत या," ती म्हणाली. "ते पुस्तक आणा. आणि ही पानं द्या इकडे, पोळ्यांच्या चुलीला जरा कागद कमीच पडताहेत."

पुस्तकात जे शालनबाईंनी गाळलं होतं ते सगळं होतं. सुमन इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागली आणि शालनबाई करून पाहू लागल्या. मग शालनबाई धरून बसल्या आणि सुमन करू लागली. गाठ एका दोऱ्याने मारायची, पण ती घट्ट व्हायच्या आत डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. मग गाठ उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर बसते. असं पुस्तक म्हणत होतं. ती उडी काही केल्या बसत नव्हती. शालनबाईंचे दोन्ही हात एकदम सैल सुटायचे आणि फासच गळून पडायचा. सुमनचे दोन्ही हात एकदम ताठ व्हायचे. बत्तीस, तेहतीस, चौतीस असे फास डब्यात जमा झाले. सोपानराव कामावरून आले आणि दाराशी दोन बायका एका दोऱ्याची दोन टोकं धरून एकमेकींकडे खाऊ का गिळू अशा बघताना पाहून, चहा न मागता मागच्या अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवराबाई दूध घेऊन आल्या तरी दोघी तशाच होत्या. म्हणजे रात्री झोपल्या होत्या, पण दिसत नव्हतं तसं.

गवराबाईंनी चरवी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन पाहत राहिल्या. "काय करताय म्हणायचं?"

"ही गाठ सरकायला हवी. सरकत नाही," सुमन म्हणाली.

"सरकंल कशी? ही निरगाठ झाली." गवराबाईंनी हात पुढे केला. "ज्यो दोरा वढायचा त्योच गुतलाय. म्हशीच्या गळ्याचं दावं असंच बांधलं तर म्हस फास लागून मरंल न्हाईतर दावं सोडवता सोडवता मानूस मरंल. ज्यो वढायचा त्यो दोरा सरळ पायजे. दुसऱ्यानं त्याला मिठी मारायची. आना."

शटल त्यांच्या हातात खेळण्यासारखी दिसत होती. त्यांनी ती घातली, काढली, डाव्या हाताची बोटं अशी काही अलगद सोडली जशी वासराच्या तोंडातून सुटतात, आणि उजवीकडे एक हिसका दिला. टुक करून गाठ पलटली. त्यांनी दोरा मागेपुढे केला. गाठ सरकली.

शालनबाईंनी तोंडावर पदर धरला.

"आता तुमी," गवराबाई म्हणाल्या.

सुमनने केलं. गाठ उडाली नाही.

"ताई, डावा हात सोडा की. कुनी पळवून न्हेतंय का त्याला?"

"सोडलाय."

"न्हाई सोडला. बोटं बगा, पांढरी पडल्यात." गवराबाईंनी तिच्या मुठीवर थोपटलं. "पोरीला पन असंच धरता तुमी. कायबी न्हाई व्हत. आंगठा फक्त धरा, बाकीची सोडा. दोरा जातोय कुटं? त्यो आपल्याच हातात हाय."

सुमनने श्वास सोडला. मग बोटं सोडली. उजव्या हाताने हिसका दिला. टुक.

पाच गाठी, एक कान, पाच गाठी, एक कान, पाच, कान, पाच. तिने दोरा ओढला आणि कडी डोळ्यांदेखत गोल होत होत मिटली. चाफ्याच्या कळीएवढी. बेबी उशांच्या तटावरून केव्हा रांगत बाहेर आली होती आणि चरवीच्या कडेला धरून उभी राहिली होती, हे तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बेबी उभी राहिली आणि ते टिपून ठेवायला सुमनने पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ती पुन्हा बसली होती आणि दूध सांडलं होतं.

आता संक्रांत होऊन गेली होती आणि रविवारला नऊ दिवस उरले होते. एका दिवसात, बेबी सांभाळून, सहा कड्या. शालनबाई करत नव्हत्या; "तुमच्याच हातची होऊ दे," म्हणून त्या बेबीला घेऊन अंगणात फिरायच्या आणि आत येऊन मोजायच्या. तरी नऊ सक चोपन्न, आणि कॉलरला लागत होत्या ऐंशी. शनिवारी संध्याकाळी सुमनने जेवढी झाली तेवढी जाळी फ्रॉकला टाचली. एका खांद्यापासून छातीवरून दुसऱ्या खांद्यापर्यंत ती सुंदर भरली. मागे काहीच नव्हतं.

"मागे कोण बघतंय?" सोपानराव म्हणाले. नवरे असं म्हणतात.

रविवारी वन्सं दुपारच्या गाडीने आल्या. सुमनने बेबीला पाट भिंतीशी लावून त्यावर बसवलं होतं. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बांगड्या, आणि गळ्यापाशी ती पांढरी जाळी. वसाहतीतल्या बायका जमल्या, पोरं जमली. वन्सं दारातच थांबल्या. त्यांची नजर कॉलरवर बसली ती उठेना. सुमनला वाटलं होतं की त्या बोट फिरवून पाहतील. त्यांनी फिरवलं नाही.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे बेबीच्या डोक्यावरून ओतले. बोरं सुमनने आदल्या दिवशी एकेक दाबून निवडली होती. टणक एकही नव्हतं. पोरांनी गराडा घातला. पण सहा आठवडे तयारी केलेल्या आईच्याही एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. बोरं घरंगळत चौफेर जातात, आणि रांगतं मूल बोरामागे जातं. बेबी मुकुट वाकडा करून पाटावरून उतरली, सगळ्या बायकांना पाठ करून खोलीच्या मधोमध गेली, आणि तिथे एक बोर हातात घेऊन बसली. मागून फ्रॉक कोरा करकरीत काळा होता. टाक्याचा एक पांढरा दोरा तेवढा लोंबत होता.

शालनबाई चपळाईने उठल्या आणि बेबीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, पण त्या बारीक अंगाच्या होत्या आणि वन्संनी पाहायचं ते पाहिलं होतं.

"सुमन, जरा आत ये," वन्सं म्हणाल्या.

स्वयंपाकघरात सुमनने पदर सावरला आणि आधीच बोलून टाकलं. "मागची बाजू व्हायची आहे अजून. ऐंशी लागतात, चोपन्न झाल्या. मला येत नव्हतं, वन्सं. तुमच्यासमोर म्हणाले तेव्हा मुळीच येत नव्हतं."

वन्संनी दाराकडे एकदा पाहिलं, दार लोटून घेतलं, आणि पिशवी उघडली. पिशवीतून त्यांनी तेच मासिक काढलं, त्याच पानाशी दुमडलेलं. मग एक रुमाल काढला. त्याची गाठ सोडली. आत पांढऱ्या दोऱ्याची एक गुंतवळ होती. न मिटलेले फास, तुटकी टोकं, मेणाचे डाग. सुमनच्या डब्यातल्यापेक्षा मोठी होती.

"तुला जमलं नाही तर ऐनवेळी हाताशी असावी, म्हणून बसले होते करायला," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज सदाशिव पेठेतला वाटत नव्हता. "महिना झाला. विणकामाची चार बक्षिसं आहेत माझ्याकडे. ही एक कडी काही मिटत नाही. कुणाला विचारणार? मला विचारायला येतात सगळ्या." त्यांनी पानावर बोट ठेवलं. त्यांच्या करंगळीवर लाल वळ होता. "सुमन, हे 'नेहमीप्रमाणे' म्हणजे नेमकं कसं गं?"

दार किलकिलं होऊन शालनबाई आत डोकावल्या. त्यांनी मासिक पाहिलं, रुमाल पाहिला, आणि हातातली बोरांची परडी छातीशी धरून जागच्या जागी खिळल्या. सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. चार पानी पत्र केव्हाच चुलीत गेलं होतं.

"कृती चांगली आहे, वन्सं," ती म्हणाली. "थोडी हाताने दाखवावी लागते इतकंच. शालनबाई, मागच्या दारी गवराबाई वाण घ्यायला थांबल्यात ना? त्यांना आत बोलवा. आणि यांना म्हणावं, शटल उद्या परत करायची नाही. पासावर तारीख वाढवून आणा. उपयोग, कौटुंबिक."

वन्संनी पाटावर बसून दोरा डाव्या हातावर घेतला आणि करकचून धरला. बाहेरून बेबीच्या हसण्याचा आवाज आला, पाठोपाठ काहीतरी पडल्याचा. सुमन उठायला गेली. मग बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "डावा हात जरा सोडा."